जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या वाटा आणि त्यांचा स्कॅन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाशीत बसून मी रोज जबड्यांचे स्कॅन वाचते. दात काढणं, बसवणं हे माझं काम नाही. दंतवैद्यकाची पदवी घेतल्यावर मी मुखरोग आणि क्ष-किरणशास्त्र हा विषय घेतला. दंतवैद्य रुग्ण पाठवतात, मी स्कॅन काढते आणि रिपोर्ट लिहिते. ऐरोली-कोपरखैरण्यापासून पनवेल-उरणपर्यंतची माणसं येतात. रिपोर्ट हातात पडल्यावर ती जे विचारतात आणि त्यांचे डॉक्टर फोनवर जे विचारतात, ते इथे शक्यतो त्यांच्याच शब्दांत मांडलं आहे. यातले बरेच प्रश्न हाडातून रक्तवाहिन्या नेणाऱ्या बारीक नळ्यांबद्दलचे असतात. त्यांच्यावर मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही, म्हणून हे पान.

रिपोर्टमध्ये ‘कॅनल’ असं लिहिलंय. म्हणजे आता रूट कॅनल करावं लागणार का?

नाही. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो, म्हणून सगळ्यात आधी घेतला. रूट कॅनल ही दाताच्या मुळातली नळी. रिपोर्टमध्ये न्यूट्रिअंट कॅनल, लिंग्वल कॅनल किंवा मँडिब्युलर कॅनल असं लिहिलं असेल, तर ती हाडातली नळी आहे. तिच्यातून रक्तवाहिनी जाते, पुष्कळदा सोबत चेतातंतूही जातो. पारसिकचा बोगदा म्हणजे डोंगराला झालेला आजार नव्हे, गाडी जायची वाट आहे. हेही तसंच. आम्ही त्या नळीची नोंद करतो ती उपचार करायला नव्हे, तर उपचार करणाऱ्या हाताला ती आधी ठाऊक असावी म्हणून.

या नळ्या सगळ्यांनाच असतात? माझ्या बहिणीच्या रिपोर्टमध्ये असं काहीच नव्हतं.

सगळ्यांना असतात. हाड ही जिवंत गोष्ट आहे, त्याला रक्त लागतं, आणि रक्त आत जायला वाट लागते. बहिणीचा स्कॅन कदाचित वेगळ्या भागाचा असेल, किंवा तिच्या उपचाराशी त्या नळीचा संबंध नसल्यानं लिहिलं नसेल.

खालच्या जबड्यातली सर्वांत मोठी वाट म्हणजे मँडिब्युलर कॅनल. जबड्याच्या मागच्या उभ्या भागात आतल्या बाजूनं ती हाडात शिरते, दाढांच्या मुळांखालून पुढे येते आणि बहुधा उपदाढांच्या खाली ‘मेंटल फोरामेन’ या भोकातून तिची एक शाखा गालाच्या बाजूला बाहेर पडते. उरलेली शाखा आणखी बारीक होऊन पुढच्या दातांकडे जाते. काही जणांत मूळ नळीलाच फाटा फुटलेला असतो. काहींत अक्कलदाढेच्या मागे एक वेगळी छोटी नळी वर येते.

हनुवटीच्या मध्यावर, जिभेच्या बाजूनं आत शिरणारी नळी म्हणजे लिंग्वल कॅनल. वरच्या जबड्यात पुढच्या दोन दातांच्या मागे टाळूत एक मोठी नळी आहे, आणि सायनसच्या, म्हणजे वरच्या दाढांवरच्या हवेच्या पोकळीच्या, बाहेरच्या भिंतीत एक धमनी आडवी जाते. नाकाच्या बाजूनं वळणं घेत पुढच्या दातांकडे उतरणारी एक नागमोडी नळीही आहे. फ्रेडरिक वूड जोन्स यांनी १९३९ मध्ये तिला ‘कॅनॅलिस सायन्युओसस’ हे नाव दिलं. तिचे फाटे कधी सुळ्याच्या किंवा त्याच्या शेजारच्या दाताच्या मागे टाळूत उघडतात.

याहून बारीक म्हणजे हॅवर्सियन नळ्या. इंग्रज वैद्य क्लॉप्टन हॅवर्स यांनी १६९१ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं. त्यांची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास असते. त्या दाताच्या कुठल्याही स्कॅनवर दिसत नाहीत, त्यांना सूक्ष्मदर्शकच लागतो.

डॉक्टर म्हणाले, ‘नस जवळ आहे.’ नस म्हणजे नेमकं काय?

आपल्या बोलण्यात नस हा शब्द फार ताणला गेलाय. हातावर सुई टोचताना दिसते ती नस, कंबरेत दबते ती नस आणि जबड्यात बधिर होते तीही नसच. पहिली शीर आहे, म्हणजे रक्तवाहिनी. दुसरी आणि तिसरी चेता, म्हणजे संवेदना वाहून नेणारा तंतू. मँडिब्युलर कॅनलमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी असतात. धक्का चेतेला बसला तर ओठ आणि हनुवटी बधिर होते. रक्तवाहिनीला लागलं तर रक्त येतं. दोन्हींचे परिणाम वेगळे, उपायही वेगळे. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: ‘बधिरपणाचा धोका म्हणताय की रक्तस्रावाचा?’ यात आगाऊपणा काही नाही. मी रुग्णांना हा प्रश्न मुद्दाम शिकवते.

स्कॅनच्या चित्रात लाल-केशरी नळी दिसते. ते माझं रक्त का?

नाही. ती आम्ही, किंवा सॉफ्टवेअरनं, नळीच्या मार्गावर आखलेली रेघ असते. रंग आमच्या सोयीसाठी असतो. हल्लीची सॉफ्टवेअर ही रेघ आपोआप आखतात आणि पुष्कळदा चांगली आखतात, पण हाड विरळ असेल तिथे चुकतातही. त्यामुळे रंगीत नळीच्या खालचं मूळ करडं चित्र माणसानं काप-काप पाहायलाच हवं.

यात एक मोठी मर्यादा आहे. सीबीसीटीवर, म्हणजे आम्ही काढतो त्या त्रिमितीय क्ष-किरण स्कॅनवर, बोगदा दिसतो, आतली गाडी दिसत नाही. आत धमनी आहे, शीर आहे की चेता, हे हा स्कॅन सांगू शकत नाही. ते आम्ही शरीररचनेच्या ज्ञानावरून ठरवतो. प्रत्यक्ष रक्तप्रवाह पाहायचा असेल तर शिरेतून औषध देऊन केलेली सीटी अँजिओग्राफी, एमआर अँजिओग्राफी किंवा जागेनुसार डॉप्लर सोनोग्राफी करावी लागते. दातांच्या रोजच्या कामाला त्यांची गरज क्वचितच पडते.

ओपीजी (सगळ्या जबड्याचा एक्स-रे) काढलाय. मग हा दुसरा स्कॅन कशाला?

दरवेळी लागतोच असं नाही. साधी दाढ काढायची असेल आणि ओपीजीवर नळी मुळांपासून लांब असेल, तर मीच सांगते की राहू दे.

पण ओपीजी सगळा जबडा एका सपाट चित्रात बसवतो. त्यात लांबी आणि उंची अंदाजे कळते, जाडी कळत नाही. नळी मुळाच्या गालाकडच्या बाजूला आहे की जिभेकडच्या, ते दिसत नाही. लिंग्वल कॅनल पुढून मागे जाणारी, आणि समोर मानेच्या मणक्यांची सावली, त्यामुळे ती ओपीजीवर बहुतेक वेळा हरवूनच जाते. इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी हाडात बसवायचा खिळा), सायनस लिफ्ट (सायनसचा तळ उचलून हाड भरणं), खोल रुतलेली अक्कलदाढ, हनुवटीतून हाड घेणं असली कामं असतील तर आडवे काप पाहावेच लागतात.

एवढी बारीक नळी मुळात दिसते कशी?

यंत्र डोक्याभोवती फिरत शंकूच्या आकाराचा किरणझोत टाकतं आणि शेकडो चित्रं घेतं. संगणक त्यातून जबड्याचा एक ठोकळा रचतो. हा ठोकळा लहान-लहान घनांचा असतो, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. यंत्र आणि मांडणीप्रमाणे एका घनाची बाजू साधारण ०.०८ ते ०.४ मिलिमीटर असते. दातांसाठीची ही पद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीस इटली आणि जपानमध्ये तयार झाली.

आता हिशेब बघा. नळी अर्ध्या मिलिमीटरची आणि घन ०.४ मिलिमीटरचा असेल, तर नळीच्या वाट्याला जेमतेम एक-दोन घन येतात. शेजारचं पांढरं हाड आणि काळी पोकळी मिसळून करडा डाग उरतो. घन ०.१ किंवा ०.१५ चा घेतला तर तीच नळी स्वच्छ दिसू शकते. मात्र लहान घनात चित्र खरखरीत होतं. ती खरखर कमी करायची तर किरण वाढवावे लागतात. म्हणून उगाच सगळ्यात बारीक मांडणी घ्यायची नसते.

आणखी दोन गोष्टी चित्र बिघडवतात. पहिली म्हणजे हालचाल. स्कॅन दहा-वीस सेकंदांचा, तेवढ्यात गिळलं किंवा मान हलली की हाडाची कड दुहेरी येते आणि बारीक नळी पुसली जाते. दुसरी म्हणजे धातू. कॅप आणि जुने इम्प्लांट यांच्या शेजारी काळे पट्टे उमटतात. त्यांना नळी समजू नये, आणि त्यांच्याखाली लपलेली नळी नाहीच असंही समजू नये. अशा वेळी मी रिपोर्टमध्ये ‘या भागात सांगता येत नाही’ असं लिहिते.

हनुवटीच्या आतल्या त्या एका भोकाची एवढी चर्चा का?

कारण या सगळ्या नळ्यांत जिवाशी येऊ शकेल अशी तीच आहे.

पहिल्या वर्षाला आमच्या सरांनी वाळवलेला खालचा जबडा हातात दिला आणि टूथब्रशचा एक केस दिला. ‘मध्यावर भोक आहे, शोध.’ केस हाडात सरकत गेला तेव्हा आम्हा सगळ्यांना नवल वाटलं. त्या दिवसापर्यंत हनुवटीचं हाड आम्ही भरीव दगडासारखं समजत होतो. असं भोक जवळपास प्रत्येक जबड्यात असतं, कधी एकाखाली एक दोन-तीन. रुंदी बहुधा एक मिलिमीटरच्या आत. त्यात जिभेखालच्या धमनीच्या शाखा येतात. हनुवटीखालच्या धमनीच्या शाखाही तिथे येऊन मिळतात.

खालचे पुढचे दात गेलेल्या माणसाला इम्प्लांट बसवताना ड्रिल आतल्या बाजूनं हाडाबाहेर गेलं, तर ही धमनी फाटू शकते. फाटलेली धमनी आखडून मऊ भागात ओढली जाते आणि रक्त तोंडात दिसण्याऐवजी जिभेखाली साठत जातं. तोंडाचा तळ फुगतो, जीभ वर आणि मागे ढकलली जाते, श्वासाची वाट अडते. असं क्वचित होतं. पण झालेलं आहे, वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेलं आहे, आणि काही रुग्णांना श्वासासाठी गळ्यात नळी घालावी लागलेली आहे. दाढांच्या भागातही आतल्या बाजूला हाडाला खळगा असतो, तिथेही ड्रिल बाहेर निघू शकतं.

म्हणून खालच्या पुढच्या भागात इम्प्लांट असेल तर मी तीन गोष्टी लिहितेच: भोक कुठे आहे, नळी किती रुंद आहे आणि आतली हाडाची भिंत कशी उतरते. एक मिलिमीटर किंवा त्याहून रुंद नळी असेल तर डॉक्टरांना फोनही करते.

घरी गेल्यावर काय झालं तर घाबरायचं?

इम्प्लांटनंतर थोडी सूज आणि लाळेत लालसरपणा असतोच. पण जिभेखाली झपाट्यानं वाढणारी सूज, जीभ वर उचलल्यासारखी वाटणं, बोलणं जड होणं, थुंकी गिळता न येणं, श्वास लागणं यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. सूज काही तासांनीही येऊ शकते. रुग्णाला आडवं न करता बसवून ठेवा, डॉक्टरांना फोन करा आणि १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. तिथे गेल्यावर ‘दाताचं काम केलंय’ एवढंच न सांगता ‘जिभेखाली रक्त साठतंय’ असं सांगा.

सायनस लिफ्टच्या आधी तुम्ही वरची धमनी मोजता, ती कशासाठी?

वरच्या दाढा गेल्या की तिथलं हाड कमी होतं. सायनसचा तळ वर उचलून खाली हाड भरण्यासाठी बाजूच्या भिंतीला खिडकी पाडतात. नेमकी तिथूनच ती धमनी आडवी जाते. शवविच्छेदनात ती जवळपास प्रत्येकात सापडते, स्कॅनवर मात्र तेवढ्या जणांत दिसत नाही, कारण कधी ती हाडाऐवजी सायनसच्या आतल्या पडद्याला चिकटून असते. म्हणून ‘धमनी दिसली नाही’ आणि ‘धमनी नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

दात असलेल्या माणसात ती हिरडीच्या हाडाच्या कडेपासून साधारण १५ ते २० मिलिमीटर वर असते. दात गेले, हाड झिजलं की हे अंतर घटतं आणि खिडकी तिच्या वाटेत येते. बहुतेकांत ती एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून बारीक असते. लागली तरी रक्तस्राव आवरता येतो, पण काम अवघड होतं. दोन मिलिमीटरच्या वर असेल तर खिडकीची जागा बदलावी, हे माझं मत मी स्पष्ट लिहून देते.

एक्स-रेवर मुळाच्या टोकाशी काळा ठिपका आहे. एक डॉक्टर म्हणतात पू आहे, दुसरे म्हणतात काही नाही. कुणाचं ऐकू?

दाताचं ऐका. थंडाची चाचणी केल्यावर दाताला संवेदना नीट येते का, दाबल्यावर दुखतं का, रंग बदललाय का? दात जिवंत असेल आणि ठिपका मुळाच्या टोकापाशी नुसता वरून बसल्यासारखा दिसत असेल, तर ती रक्तवाहिनीची नळी समोरून दिसत असण्याची शक्यता मोठी. बोगद्याच्या तोंडाशी उभं राहिलं की वर्तुळच दिसतं. खालच्या पुढच्या दातांत अशा नळ्या उभ्या काळ्या रेघांसारख्याही दिसतात, विशेषतः हाड पातळ असेल तर. वरच्या सुळ्यामागे उघडणारा नागमोडी नळीचा फाटा तर मुळाच्या टोकाशी झालेल्या संसर्गासारखा फसवतो.

नव्यानं काम सुरू केलं तेव्हा अशाच एका ठिपक्याला मी ‘संसर्गाची शक्यता’ लिहिलं होतं. त्या मुलीच्या दाताला रूट कॅनल सुरू झालं, आणि आत जिवंत, निरोगी मगज निघाला. तिच्या डॉक्टरांनी मला शांतपणे फोन करून सांगितलं. तिचा चांगला दात माझ्या एका ओळीमुळे उघडला गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून ठिपका दिसला की मी तो पुढच्या-मागच्या कापांत हलतो का ते बघते. नळी काप बदलला की पुढे सरकत जाते, गाठ तिथेच मोठी-लहान होते. आणि थंडाच्या चाचणीचा निकाल कळल्याशिवाय संसर्ग हा शब्द लिहीत नाही.

दात हलतोय आणि हिरडीतून धडधडून रक्त येतं. पटकन काढून टाकू का?

अजिबात नको, आधी स्कॅन. हलणाऱ्या दाताचं कारण बहुतेक वेळा पायोरियाच असतं. पण रक्त उसळून येत असेल, त्या जागी नाडीसारखे ठोके लागत असतील, किंवा तरुण माणसाचा एकच दात कारणाशिवाय हलत असेल, तर हाडाच्या आत रक्तवाहिन्यांचा गुंता असू शकतो. स्कॅनवर नळ्या अवाजवी रुंद आणि वेड्यावाकड्या दिसतात, कधी हाडाला साबणाच्या फेसासारखी जाळी पडते. असा दात खुर्चीवर काढला तर जिवावर बेतेल इतका रक्तस्राव होऊ शकतो. तिथे अँजिओग्राफी आणि मोठं रुग्णालय, दुसरा मार्ग नाही. हा आजार दुर्मीळ आहे.

रेडिएशन किती? मला भीती वाटते.

ओपीजीत साधारण १० ते २५ मायक्रोसीव्हर्ट (किरणांचं प्रमाण मोजायचं एकक). काही दातांपुरत्या सीबीसीटीत बहुधा २० ते १००. पूर्ण चेहरा घेतला तर काही शे, आणि रुग्णालयातला साधा सीटी त्याहून जास्त असू शकतो. जमीन, हवा, आकाश यांतून जगात माणसाला वर्षाला सरासरी २४०० मायक्रोसीव्हर्ट मिळतातच, म्हणजे रोज साडेसहाच्या आसपास. तेव्हा छोटा स्कॅन हा काही दिवसांच्या ते दोनेक आठवड्यांच्या नैसर्गिक किरणांइतका.

भीती नको, पण उधळपट्टीही नको. एका इम्प्लांटसाठी दोन्ही जबड्यांचा स्कॅन सांगितला असेल तर कारण विचारा. क्ष-किरण यंत्रांना अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी किंवा परवाना लागतो. मंडळाचं कार्यालय खाडीपलीकडे अणुशक्तीनगरातच आहे. परवाना बघायला मागितलात तर कुठल्याही चांगल्या सेंटरनं तो दाखवायला हवा.

गरोदर आहे. मुलाचा काढायचाय. चालेल?

गरोदर असाल तर आधी सांगा. थांबता येण्यासारखं काम असेल तर थांबूया. मुलांमध्ये गरज नक्की असेल तरच, लहान भागाचा आणि कमी किरणांचा.

उपाशी यायचं का? मंगळसूत्र काढावं लागेल का?

पोटभर जेवून या. कानातलं, चमकी, नथ, केसांच्या पिना, चष्मा आणि काढता येणारी कवळी काढावी लागते. मंगळसूत्र स्कॅनच्या भागात येत नसेल तर मी काढायला सांगत नाही, पदराखाली खाली सरकवून ठेवलं की झालं. वयस्कर मावशी-काकांना गिळू नका म्हटलं की नेमकी आवंढा गिळायची इच्छा होते. म्हणून मी आधी एक घोट पाणी देते, मग बटण दाबते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. स्कॅनमध्ये नळी मोठी आहे. गोळी बंद करू?

स्वतःहून कधीही नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन ज्या हृदयासाठी दिलंय, त्याला धोका दातापेक्षा मोठा आहे. स्कॅनचा रिपोर्ट आणि गोळ्यांची चिठ्ठी दोन्ही घेऊन हृदयाच्या आणि दाताच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तर डॉक्टरांना पुरेल ना?

नाही. फोटो म्हणजे शेकडो कापांतला एक काप, तोही दाबून लहान झालेला. अर्ध्या मिलिमीटरची नळी त्यात उरत नाही. पेनड्राइव्ह किंवा लिंकवर पूर्ण स्कॅनच्या मूळ फाइल्स मागून घ्या. त्या तुमच्या आहेत.

दंतवैद्य म्हणून मी चिठ्ठीवर काय लिहावं?

‘सीबीसीटी लोअर’ एवढंच नका लिहू. कुठल्या जागी, कशासाठी, किती लांबीचा इम्प्लांट मनात आहे, दाताची चाचणी काय सांगते, रुग्णाच्या गोळ्या कुठल्या, एवढं कळलं तर मी घनाचा आकार आणि भाग नीट निवडू शकते. आणि माझा रिपोर्ट आला तरी मधला उभा काप आणि एक मिलिमीटरचे आडवे काप स्वतः उघडून बघा. ड्रिल तुमच्या हातात असणार आहे.

दोन वर्षांपूर्वीचा स्कॅन आहे. तो चालेल का?

नळी जागा बदलत नाही, तिच्याभोवतीचं हाड बदलतं. मधल्या काळात दात काढला असेल तर हाड खाली बसलेलं असतं, कडेपासूनचं अंतर कमी झालेलं असतं, आणि जुनं माप चुकीचं ठरतं. मेंटल फोरामेन तर बिनदातांच्या जुन्या जबड्यात कधी अगदी वरच्या कडेला येतं, इतकं की कवळी टोचते ती तिथेच. दात तसेच असतील, काही काढलं-भरलं नसेल, तर जुना स्कॅन घेऊन या. आधी तोच उघडून बघू. पुरला, तर नवा काढायचा नाही.